फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलसाठी शांत रस्ता कसा शोधावा

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरची सायकल-मोहीम दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये भरते. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या सायकल-फेऱ्या, पूर्ण करून तिच्यासाठी पात्र ठरणाऱ्यांमध्ये महाराष्ट्रातील सायकलस्वार आता नवखे राहिलेले नाहीत. मात्र ९० तासांची मुदत डोक्यावर असताना ब्रिटनीतील गावे अर्धवट झोपेत मागे पडतात आणि ज्या रस्त्यांवरून आपण गेलो ते इतके मोकळे का होते, याचा विचार करायला सवड मिळत नाही. पुढची मोहीम २०२७ मध्ये आहे. तिला जोडून आठवडाभर अधिक राहू इच्छिणाऱ्यांसाठी, तसेच युरोपात स्थायिक झालेल्या आणि सुट्टीत सायकल घेऊन बाहेर पडणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. पर्यटन खात्याने फलक लावून दिलेल्या मार्गांची यादी कोठेही मिळते. पण फ्रान्समधील उत्तम शांत रस्त्यांपैकी बहुतेकांवर सायकलचा एकही फलक नसतो, ते नकाशा वाचून शोधावे लागतात, आणि ही विद्या चार संध्याकाळी बसून शिकण्याजोगी आहे, असे माझे मत आहे.

रस्ते मोकळे का असतात

फ्रान्समध्ये सुमारे ११ लाख किलोमीटर लांबीचे रस्ते आहेत. त्यांपैकी मोटारमार्ग जेमतेम १२ हजार किलोमीटरचे, पावणेचार लाख किलोमीटरहून थोडे अधिक रस्ते जिल्ह्यांच्या म्हणजे देपार्तमांच्या ताब्यातले, आणि सुमारे सात लाख किलोमीटर कोम्यूनच्या देखरेखीखालचे. कोम्यून हे तिथल्या स्थानिक स्वराज्याचे सर्वांत खालचे एकक असून त्यांची संख्या ३५ हजारांच्या घरात आहे. दीडशे वस्तीच्या खेड्यालाही स्वतःचा महापौर आणि स्वतःचे रस्ते असतात. हे जाळे विणले गेले तेव्हा खेड्यांत माणसे पुष्कळ होती. लोझेर या डोंगराळ जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास १ लाख ४० हजारांहून अधिक लोक राहत होते. आज तिथे ७७ हजारांच्या आसपास राहतात, म्हणजे एका चौरस किलोमीटरला पंधरा माणसे. लोक शहरांकडे गेले, रस्ते मागे राहिले, आणि ते डांबरी व सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कोणी झटकली नाही. ईशान्येकडील म्यूझपासून नैर्ऋत्येकडील लांदपर्यंत पसरलेल्या विरळ वस्तीच्या पट्ट्याला फ्रेंच भूगोलतज्ज्ञ ‘रिकामा कर्ण’ म्हणतात. सायकलस्वाराने नकाशा उघडताच प्रथम याच पट्ट्याकडे पाहावे.

दुसरे कारण अधिक उपयोगी आहे. एखाद्या दरीत किंवा दोन गावांमध्ये नवा, सरळ, वेगवान रस्ता झाला की मोटारी तिकडे वळतात आणि जुना, वळणावळणाचा रस्ता आपोआप सायकलस्वारांच्या वाट्याला येतो. म्हणून शांत रस्ता हुडकताना आधी त्या भागातला वर्दळीचा रस्ता कोणता हे पाहावे, आणि मग त्याला समांतर जाणारा बारीक रस्ता शोधावा. नदीच्या एका काठाने मोठा रस्ता असेल तर दुसऱ्या काठाने बहुधा लहान रस्ता असतोच.

नकाशा कसा वाचावा

मिशलॅं (मिशेलिन) या टायर कंपनीचे कागदी नकाशे या कामासाठी आजही फार चांगले आहेत. प्रादेशिक नकाशा १:२,००,००० या प्रमाणाचा असतो, तर जिल्हावार नकाशा १:१,५०,००० प्रमाणाचा. सायकलसाठी दुसरा घ्यावा. लाल रस्ते टाळायचे, पिवळे रस्ते नाइलाज असेल तरच घ्यायचे आणि पांढऱ्या रस्त्यांनी जायचे, हा पहिला नियम. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य मानला जातो. मात्र ही रेघ मोटारसायकलवाल्यांना आणि फिरत्या घरासारख्या मोठ्या कॅम्पिंग गाड्यांनाही दिसते, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये तिचा अर्थ उलटा लागू शकतो. रस्त्यावर काढलेली बाणासारखी खूण चढ दाखवते: एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३ टक्के, आणि तीन म्हणजे त्याहून अधिक. सामान लादलेल्या सायकलवर तीन खुणांचा रस्ता म्हणजे बहुधा उतरून ढकलणे. पांढऱ्या रस्त्याच्या कडा तुटक रेघांनी काढल्या असतील तर तो कच्चा असण्याची शक्यता धरावी.

रस्त्यांच्या क्रमांकांवरूनही अंदाज बांधता येतो, पण तिथे एक सापळा आहे. ‘डी’ हे अक्षर जिल्ह्याच्या रस्त्याचे. साधारणपणे एक-दोन आकडी क्रमांकाचे रस्ते महत्त्वाचे आणि तीन आकडी रस्ते दुय्यम असतात, त्यामुळे आकडा मोठा तितका रस्ता शांत असे अनेक जण गृहीत धरतात. परंतु २००६ च्या सुमारास केंद्र सरकारने हजारो किलोमीटरचे राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले आणि जिल्ह्यांनी त्यांना मोठमोठे क्रमांक दिले. लोत जिल्ह्यातील डी ८२० हा पूर्वीचा राष्ट्रीय मार्ग २० आहे, आणि ऑर्लेआंच्या परिसरातील डी २०२० हाही तोच. आठशे-नऊशेच्या घरातला किंवा चार आकडी क्रमांक दिसला की नकाशावरचा रंग पाहिल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडताच त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो. म्हणून वाटेची टिपणे करताना क्रमांकापेक्षा पुढच्या गावाचे नाव लिहून ठेवावे, कारण चौकातल्या पाट्यांवर गावांचीच नावे ठळक असतात.

कागदावर वाट ठरली की ती पडद्यावर तपासावी. गूगलच्या रस्त्यावरील छायाचित्रांत एकच गोष्ट पाहायची: रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा आहे की नाही. पट्टा नसलेला, दोन मोटारी समोरासमोर आल्या तर एकीला गवतात उतरावे लागेल इतका अरुंद डांबरी रस्ता दिसला की निवड बरोबर आहे असे समजावे. अशा रस्त्यावर चालक स्वतःच वेग आवरतो. मधला पट्टा आला की त्याच चालकाचा वेग लगेच वाढतो. अनेक जिल्हा परिषदा रस्त्यांवरील रोजच्या सरासरी वाहनसंख्येचे नकाशे प्रसिद्ध करतात. दिवसाला पाचशेहून कमी वाहने असलेल्या रस्त्यावर दुपारच्या वेळी दहा-दहा मिनिटे कोणी भेटत नाही. दोन हजारांच्या पुढे गेलेला रस्ता मी यादीतून काढून टाकतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे नकाशे इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांतल्या समोच्च रेषांवरून चढ-उताराचा खरा अंदाज येतो.

कोमूट, राइड विथ जीपीएस यांसारखी वाट आखून देणारी साधने वापरायला हरकत नाही, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. ‘रोड सायकल’ हा पर्याय निवडला की ती गुळगुळीत डांबरासाठी पिवळ्या रस्त्यावर नेतात, आणि ‘पर्यटन सायकल’ निवडला की जंगलातल्या कच्च्या पायवाटेवर. दोन्ही पर्यायांनी वाट काढून जिथे त्या वेगळ्या होतात तेवढे तुकडे हाताने तपासणे हा त्यावरचा उपाय. इतर सायकलस्वारांच्या नोंदींवरून काढलेला स्ट्राव्हा या अ‍ॅपचा उष्णता-नकाशा (कोणत्या रस्त्यावर किती सायकली जातात ते रंगांनी दाखवणारा) मोठ्या गावांच्या आसपास फार कामाचा आहे, कारण गावातून बाहेर पडण्याची सुरक्षित वाट स्थानिक सायकलस्वारांना चांगली ठाऊक असते. प्रवासातला सर्वांत वर्दळीचा भाग हाच शहर सोडतानाचा पाच-सात किलोमीटरचा असतो.

कोणत्या दिशेला जावे हेच सुचत नसेल तर फ्रेंच सायकल-पर्यटन महासंघाची एक जुनी योजना आधाराला घेता येते. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाने फ्रान्सच्या प्रत्येक जुन्या प्रांतातील पाहण्याजोगी ठिकाणे निवडून ठेवली असून, बहुतेक जिल्ह्यांत अशी सहा ठिकाणे आहेत. तिथे सायकलने पोहोचून पत्रिकेवर शिक्का घ्यायचा, त्याला कालमर्यादा नाही. कित्येक फ्रेंच लोकांचे आयुष्य या यादीत सुखाने जाते. पत्रिका घ्या किंवा घेऊ नका, पण ही ठिकाणे नकाशावर टिंबांनी मांडून त्यांना पांढऱ्या रस्त्यांनी जोडले की आठवड्याचा कार्यक्रम तयार होतो.

एक वाट जवळून: लोत आणि सेले

वर सांगितलेली पद्धत कशी चालते हे दाखवण्यासाठी नैर्ऋत्य फ्रान्समधील लोत जिल्हा घेऊ. पॅरिसच्या ओस्तर्लित्झ स्थानकातून तुलूझकडे जाणारी गाडी काओर येथे थांबते. काओर हे लोत नदीच्या वळणात वसलेले गाव असून तिथला तीन मनोऱ्यांचा व्हालांत्रे पूल चौदाव्या शतकातला आहे. इथून पूर्वेला फिजाक या गावी जायचे आहे. नकाशावर लोतच्या काठाने जाणारा रस्ता ठळक दिसतो. पण कॉन्दुशे नावाच्या वस्तीजवळ लोत नदीला उत्तरेकडून सेले ही छोटी नदी येऊन मिळते, आणि तिच्या काठाने डी ४१ हा रस्ता फिजाकच्या दिशेने जातो. फिजाकला घाईने जाणारा माणूस या वाटेला येत नाही. कोणताही मोठा रस्ता या दरीतून जात नाही. ज्यांना दरीतल्याच गावांत जायचे आहे तेच इथे भेटतात.

संगमापासून फिजाकपर्यंतचे अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर आहे आणि चढ नावापुरता. एका बाजूला पिवळसर-करड्या चुनखडीचे कडे, काही ठिकाणी ते रस्त्यावर झुकलेले. दुसऱ्या बाजूला पॉप्लरची रांग, अक्रोडाच्या बागा आणि तंबाखू वाळवण्याची जुनी लाकडी कोठारे. काब्रेरे गावाच्या वर पेश मेर्ल ही गुहा आहे, जिच्यातील ठिपकेदार घोड्यांची चित्रे हिमयुगातील माणसाने काढली आहेत. मूळ गुहा अजूनही पाहता येते, मात्र रोजच्या प्रवेशांवर मर्यादा असल्याने उन्हाळ्यात आधी आरक्षण करावे. गावातून गुहेकडे जाणारा चढ लहान पण तिखट आहे. पुढे मार्सियाक येथे अर्धवट पडलेला मठ लागतो, सें-सुल्पीस येथे कड्याच्या पोटाखाली बांधलेली घरे दिसतात, आणि एस्पान्याक-सेंत-उलाली या लांबलचक नावाच्या चिमुकल्या गावात लाकूड-विटांचा घंटामनोरा आहे. फिजाकजवळ शेवटचे काही किलोमीटर मोटारी वाढतात. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा शांपोलियों १७९० मध्ये याच फिजाक गावात जन्मला. रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती एका चौकाच्या फरसबंदीतच बसवलेली असून लोक तिच्यावरून चालतात.

परतताना लोतच्या काठाने यावे. फिजाकहून फेसेल गावावरून काजार्कला उतरले की नदीच्या उत्तर काठाने मोठा रस्ता आणि दक्षिण काठाने लहान रस्ता अशी नेहमीची जोडी समोर येते. कालव्हिन्याक, सेनव्हिएर आणि क्रेगोल या दक्षिणेकडच्या गावांवरून जाणारा रस्ता थोडा चढ-उताराचा आहे, पण सेनव्हिएरचा कड्यावरचा किल्ला आणि खाली नदीचे वळण पाहिल्यावर त्याबद्दल तक्रार राहत नाही. तिथून सें-सिर्क-लापोपी हे कड्यावरचे प्रसिद्ध गाव येते. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर तिथे पाय ठेवायला जागा नसते. मुक्काम गावातच करून दिवसभराचे पर्यटक परतल्यावर, सहाच्या पुढे गल्ल्या पाहाव्यात. सरावलेल्या सायकलस्वारासाठी ही पूर्ण फेरी दोन दिवसांची आहे. गुहा, किल्ला आणि जेवण यांना न्याय द्यायचा असेल तर तीन दिवस ठेवावेत.

आणखी काही प्रदेश

प्रोव्हान्समधील नेस्क दरी हे समांतर रस्त्याच्या तत्त्वाचे दुसरे चांगले उदाहरण आहे. कार्पान्त्राहून सो या गावाकडे जाणारी वाहतूक नोत्र-दाम-देझाबेय या खिंडीवरून डी १ रस्त्याने जाते. त्यामुळे व्हील-सुर-ओझोंपासून दरीच्या कड्याला धरून हळूहळू चढत जाणारा डी ९४२ मोकळा राहतो. चढ सौम्य आहे, मध्ये कातळात कोरलेले छोटे बोगदे आहेत, आणि ७३४ मीटर उंचीवरच्या सज्जातून समोरचा रोशे द्यु सिर हा प्रचंड कडा दिसतो. मोनियो गाव येईपर्यंत वाटेत पाणी किंवा दुकान नाही, हे लक्षात ठेवून दोन बाटल्या भरूनच निघावे. सोच्या पठारावरची लव्हेंडर साधारणपणे जुलैमध्ये बहरात असते. १५ ऑगस्टला तिथे लव्हेंडरचा उत्सव भरतो आणि त्या दिवशी शांततेची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. शेजारचा मों व्हांतू १,९०० मीटरहून उंच आहे आणि त्याची कीर्ती मोठी, पण शांत रस्त्यांच्या यादीत मी त्याला घेणार नाही.

ल्वार नदीकाठचा ‘ल्वार आ व्हेलो’ हा सुमारे ९०० किलोमीटरचा मार्ग बहुतेकांनी ऐकलेला असतो. मुलांना घेऊन प्रथमच जाणाऱ्यांसाठी तो उत्तमच आहे: सपाट, फलकांनी सजलेला, दर काही किलोमीटरवर एखादा राजवाडा. मात्र ऑगस्टमध्ये आम्ब्वाज-तूरच्या आसपास सायकलींचीच गर्दी होते. त्याच्या थोडे उत्तरेला जवळजवळ याच नावाची दुसरी, लहान नदी आहे. फ्रेंच लिपीत दोन्ही नावांत फक्त शेवटच्या अक्षराचा फरक (मोठी Loire, लहान Loir) असल्याने तिकिटे आणि मुक्काम आरक्षित करताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. व्हांदोम, त्रो, ला शार्त्र अशी तिच्या काठची गावे आहेत, कड्यात कोरलेली घरे आहेत, आँजेपर्यंत जाणारा तीनशेहून अधिक किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, आणि गर्दी मात्र मोठ्या बहिणीच्या वाट्याला गेलेली आहे.

बर्गंडीत जिव्री ते क्लूनी हा ४४ किलोमीटरचा हरितमार्ग १९९७ मध्ये जुन्या रेल्वेमार्गावर झाला. तो डांबरी आणि मोटारींना बंद असल्याने लहान मुलांना बिनधास्त सोडता येते. कंटाळा आला की कोर्मातँहून बाजूच्या टेकड्यांत ब्रान्सियों आणि शापेझकडे जाणारे पांढरे रस्ते धरावेत. क्लूनीच्या दक्षिणेचा ब्वा क्लेर बोगदा दीड किलोमीटरहून लांब आहे, आत गारठा असतो आणि वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात.

ज्यांना खरोखर कोणी भेटू नये असे वाटते त्यांनी क्रझ जिल्हा आणि मिलव्हाशचे पठार गाठावे. तिथे पांढरे रस्ते निवडावे लागत नाहीत, बहुतेक रस्ते तेच आहेत. अडचण एवढीच की उघडी दुकाने, मुक्काम आणि मोबाइलचा संपर्क हेही तितकेच विरळ आहेत.

वेळ साधणे

रस्ता किती शांत आहे हे घड्याळावरही ठरते. ग्रामीण फ्रान्स दुपारी बारा ते दोन जेवतो, आणि हे दोन तास रस्ते अक्षरशः ओस पडतात. एखादा पिवळा रस्ता ओलांडायचा किंवा काही किलोमीटर घ्यायचाच असेल तर तो याच वेळेसाठी राखून ठेवावा. अर्थात त्यासाठी आपले खाणे बाराच्या आधी पिशवीत असले पाहिजे. रविवारची सकाळ सर्वांत चांगली. जुलै-ऑगस्टमधले शनिवार मात्र सुट्टीला निघालेल्या आणि परतणाऱ्या मोटारींचे असतात. मे, जून आणि सप्टेंबर हे महिने हवामान व गर्दी दोन्ही दृष्टींनी योग्य आहेत. आल्प्समधील दोन हजार मीटरवरच्या खिंडी मेअखेर किंवा जूनपर्यंत बर्फामुळे बंद असू शकतात, आणि खिंड उघडी आहे की बंद हे पायथ्याच्या फलकावर लिहिलेले असते. शरद ऋतूपासून शिकारीचा हंगाम चालतो. त्या काळात शनिवार-रविवारी रानातून जाताना भडक रंगाचे कपडे घालावेत.

नियम आणि सवयी

वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे भारतातून गेलेल्या माणसाला गर्दीत कधीच विसरायला होत नाही. धोका रिकाम्या रस्त्यावर असतो: फोटो काढायला थांबून पुन्हा निघताना, आठवण करून द्यायला एकही मोटार समोर नसताना, हात आपोआप सायकल डावीकडे वळवतात. भाड्याने घेतलेल्या सायकलीचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडच्या उलट. पहिल्याच उतारावर जाण्याआधी सपाटीवर हात बसवून घ्यावा.

उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देण्याचा नियम गावांत विशेष पाळावा लागतो. चौकात कोणताही फलक नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्या ट्रॅक्टरचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही अरुंद असो. पांढऱ्या कडेचा पिवळा, कोनावर उभा असलेला चौकोन दिसला तर आपण मुख्य रस्त्यावर आहोत. त्यावर काळी तिरकी रेघ आली की तो हक्क संपला. गोल चौकात मात्र डावीकडून येणाऱ्यांना वाट द्यायची असते. मोटारचालकाने सायकल ओलांडताना गावात एक मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे, आणि ग्रामीण भागात हे बऱ्यापैकी पाळले जाते. प्रौढांना हेल्मेटची सक्ती नसली तरी १२ वर्षांखालील मुलांना आहे. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालावेच लागते, पुढचा-मागचा दिवा आणि घंटी हवी, आणि कानात इअरफोन असल्यास दंड होतो.

रस्त्यावरच्या तीन पाट्या वाचता आल्या पाहिजेत. ‘ग्राव्हियों’ म्हणजे पुढे डांबरावर सुटी बारीक खडी पसरली आहे. उन्हाळ्यात लहान रस्त्यांची डागडुजी अशीच करतात, आणि उतारावरच्या वळणात ही खडी मोठ्या घाटापेक्षा धोकादायक ठरते. ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद. कामगारांना विचारल्यास सायकलला अनेकदा जाऊ देतात, पण पूलच उखडलेला असेल तर मागे फिरण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून पर्यायी वाट आधीच पाहून ठेवावी. ‘सोफ रिव्हरँ’ म्हणजे रहिवाशांव्यतिरिक्त इतर वाहनांना बंदी.

पाणी, खाणे, गाडी

उन्हाळ्यात गावातली दुकाने बंद असताना पाण्याची खात्रीची जागा म्हणजे दफनभूमी. ती बहुधा चर्चजवळ किंवा गावाच्या कडेला असते आणि फुलांना पाणी घालण्यासाठी तिथे नळ असतो. फ्रेंच सायकलस्वार निःसंकोचपणे तिथे बाटल्या भरतात. आपणही भराव्यात, मात्र आवाज न करता आणि अंगावर पूर्ण कपडे असताना. नळावर ‘नों पोताब्ल’ असे लिहिले असेल तर ते पाणी पिऊ नये.

बेकरी सकाळी लवकर उघडते, दुपारी बंद होते आणि आठवड्यातून एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवारी, सुट्टी घेते. रविवारी दुपारनंतर खेड्यात काहीही मिळेल या भरवशावर राहू नये. शाकाहारी माणसाने विशेष तयारी ठेवावी: कीश या अंड्याच्या खारट पदार्थामध्ये अनेकदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि ‘मांस नको’ असे सांगितल्यावर मासे पुढे येण्याचाही संभव असतो. चीज, पाव, टोमॅटो, फळे आणि बेकरीतला सफरचंदाचा पदार्थ यांवर दिवस निभावतो, अंडे चालत असेल तर ऑम्लेट जवळजवळ सर्वत्र मिळते. तिखटाची सवय असलेल्यांनी शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवावी. दुकानात शिरताच आधी ‘बोंजूर’ म्हणावे. ते न म्हणता थेट मागणी केल्यास तो उद्धटपणा समजला जातो आणि पुढचे सगळेच अवघड होते.

मुक्कामासाठी नगरपालिकेची तंबूस्थळे स्वस्त आणि सोयीची असतात, पण त्यांतील अनेक फक्त उन्हाळ्यापुरती उघडी असतात. ‘आक्युय व्हेलो’ हे चिन्ह असलेल्या ठिकाणी सायकल ठेवायला बंद जागा आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात. प्रादेशिक रेल्वेगाड्यांमध्ये सायकल बहुधा विनामूल्य नेता येते, मात्र जागा मोजक्याच असतात आणि काही प्रदेशांत उन्हाळ्यात आरक्षण लागते. लांब पल्ल्याच्या आंतरशहरी गाडीत सायकलसाठी पैसे भरून जागा राखावी लागते, आणि वेगवान गाडीत अशी जागा नसेल तर सायकल सुटी करून पिशवीत बांधावी लागते. म्हणून परतीचे तिकीट काढताना गाडीचा प्रकार आधी पाहावा, आणि शक्यतो रविवारी संध्याकाळची गाडी टाळावी, कारण त्या वेळी स्थानिक सायकलस्वारही घरी परतत असतात आणि सायकली टांगण्याचे हुक आधीच भरलेले असतात.